मधली शिवण

सरांनी खोक्यातल्या कापसातून तान्ह्या बाळाची कवटी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि वर्गावर नजर फिरवली.

"ज्याला शिंकायचं असेल त्याने आत्ताच बाहेर जाऊन शिंकून यावं."

पोरं हसली. मागच्या एकाने खोटी शिंक काढली, शेजारणीने त्याला कोपर मारलं, आणि मग सगळे टेबलाभोवती कोंडाळं करून उभे राहिले. हाडांच्या खोलीतले पंखे सरांनी आल्या आल्या बंद करायला लावले होते. ही कवटी म्हणजे निव्वळ अंड्याचं टरफल. वाऱ्याने ती काही उडून जाणार नव्हती, पण या एका वस्तूच्या बाबतीत सरांचा कशावरच भरवसा नव्हता.

निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून दोनदा कॉलेजात येत. कवटी आणि चेहरा हे धडे त्यांनीच घ्यायचे असा कुठे नियम नव्हता. पण नवे प्राध्यापक खुशीने बाजूला होत. मुलं त्यांच्यामागे त्यांना 'हाडसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आजचा धडा तसा छान रंगला होता. चेहऱ्याची चौदा हाडं त्यांनी कुणाला पुस्तकातून वाचू दिली नव्हती. "स्वतःचं तोंड चाचपा," म्हणाले होते. मग सगळा वर्ग आपापल्या गालांवरून, भुवयांखालून बोटं फिरवत बसला. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाकाला टेकून नखाएवढं हाड असतं, सगळ्यांत नाजूक. अश्रू त्याच्या बाजूने नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक गळतं, हे त्यांनी सांगितलं. नाकाच्या आत उभा पडदा धरणारं हाड नांगराच्या फाळासारखं असतं, तेही सांगितलं.

"आणि सर, हसताना कुठलं?"

"हसताना खालचा जबडा. कानातली इवलाली हाडं सोडली, तर आख्ख्या डोक्यात तेवढं एकच हाड हलतं, आणि माणसाचे सगळे घोटाळे त्याच एकामुळे होतात."

आता शेवटचा भाग राहिला होता. सरांनी बाळाची कवटी उजेडात धरली. कपाळाचं हाड अजून दोन फाकांत होतं, माथ्यावर टाळूची चौकोनी खिडकी उघडी होती, आणि तिच्यातून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसत होता.

"घडवणारा किती दूरचं पाहतो बघा," सर म्हणाले. त्यांचा आवाज या जागी नेहमीच जरा खाली यायचा, जणू देव्हाऱ्यासमोर बोलताहेत. "शहाणा शिंपी वाढत्या अंगाच्या पोराचा सदरा शिवताना शिवणीत माया सोडतो. तसं हे. मेंदूला अजून वाढायचंय, म्हणून हाडं शिवलेली नाहीत, नुसती टाचून ठेवलीत. बाजूची ही दोन मोठी हाडं. आणि त्यांच्यामधून पुढून मागे गेलेली ही मधली शिवण. बोट ठेवलं की फट लागते. इथे..."

बोट फटीवर होतं, आणि सर थांबले होते.

"सर?"

त्यांनी बोट पुन्हा पुढे आणलं, पुन्हा मागे नेलं. फट होती. जिथे असायला हवी तिथे होती. सकाळी त्यांच्या अंगठ्याला जिथे ती लागली नव्हती, अगदी तिथेच.

"आज इथंच थांबू," सर म्हणाले, आणि कवटी कापसात ठेवून खोक्याचं झाकण लावू लागले. झाकण आधी उलटं लागलं.

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. हाडसरांनी वर्ग लवकर सोडला, ही कॉलेजात सांगत सुटण्यासारखी बातमी होती.

झालं होतं एवढंच. सकाळी सून आंघोळीला गेली होती, आजी दारात शेजारणीशी बोलत उभी होती, आणि पाळण्यातली नात, पिटू, एकदम किंचाळली. सरांनी तिला उचललं. उचलताना तिची लोकरीची टोपी घसरली, आणि मानेला आधार द्यायला गेलेला हात आपसूक माथ्यावर आला. यात त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. लोहाराचा हात जसा लोखंडाचा तुकडा दिसला की त्याचं वजन घेतो, तसा तो हात गेला. टाळू लागली, मऊ, हलकेच उडणारी. तिच्या मागे अंगठा सरकला आणि त्याला फट लागायच्या जागी उंचवटा लागला. बारीक, ताठ, चादरीखाली दोरी राहून गेली असावी तसा. मागपर्यंत.

तेवढ्यात सून ओल्या केसांनी बाहेर आली.

"द्या बाबा इकडे," ती म्हणाली, आणि पिटूला घेता घेता दुसऱ्या हाताने तिने टोपी अशी काही ओढून बसवली, की सरांना परक्याच्या पोरीला हात लावल्यासारखं वाटलं.

गेल्या काही दिवसांत हे असंच चाललं होतं. पोरगी त्यांच्या मांडीवर यायची ती टोपी घालूनच. उकाड्याने सगळ्यांचा जीव नकोसा झाला तरी टोपी. एकदा त्यांनी म्हटलंसुद्धा, अगं घामाघूम झालीय ती, तर सून म्हणाली, "राहू दे बाबा, तिला सवय आहे." आता इतक्याशा जिवाला कसली आलीय सवय?

त्याचं कारण सरांना कळत होतं, आणि कारण कळत होतं म्हणूनच ते बोलत नव्हते.

या घरात कवटी हा विषय बंद होता. तो आजीने बंद केला होता, आणि तेव्हा ती आजी नव्हती, नवी नवी आई होती. मुलगा जन्मला त्या वेळची गोष्ट. सरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, हाडांची कड वर आलेली लागली, आणि त्यांचं पाणी पाणी झालं. बाळंतिणीला तसंच गाडीत घालून ते एका इस्पितळातून दुसऱ्यात धावले. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही मेलेल्यांवरून शिकवता ना?" जन्मताना बाळाची हाडं एकमेकांवर चढतात, म्हणाल्या, काही दिवसांत आपोआप जागेवर बसतात. बसलीसुद्धा. पण त्या काही दिवसांत आईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि अंगावरचं दूध आटलं होतं. त्या हिशेबात तिने नवऱ्याकडून शब्द घेतला: जिवंत माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही.

सरांनी तो बव्हंशी पाळलाही होता. मध्येच कधी मेव्हण्याचा जबडा एका बाजूला सरकलेला दिसायचा, आणि तो नुसता घास चघळत असायचा. एकदा शेजाऱ्याच्या कपाळावरच्या टेंगळाने त्यांना बेचैन केलं होतं, ते डासाचं निघालं. पाहुणे जमले की आजी हे सगळे किस्से क्रमाने सांगायची, मुलाच्या डोक्याचा सर्वांत शेवटी, आणि हशा पिकायचा. सरही हसायचे. न हसून सांगतात कुणाला?

कॉलेजातून ते घरी आले ते चप्पल न काढता आतपर्यंत गेले. आजीने पायांकडे पाहिलं. ते परत दाराशी गेले, चपला काढल्या, पुन्हा आले, आणि बसायच्या ऐवजी खिडकीपाशी उभे राहिले.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"खुर्ची चावते का?"

ते बसले. बोटं खुर्चीच्या हातावर पुढे मागे फिरू लागली. आतल्या खोलीत सून पिटूला काहीतरी गुणगुणून दाखवत होती.

"मी काय म्हणतो," सर म्हणाले, "पिटूचं डोकं—"

"अहो." आजीने हातातलं काम खाली ठेवलं नाही, मान वर केली नाही. नुसतं 'अहो' म्हणाली. त्या एका शब्दात मेव्हण्याचा जबडा, शेजाऱ्याचं टेंगूळ आणि आटलेलं दूध, सगळं आलं.

"टोपीने घामेजतंय, असं म्हणत होतो."

"तिची आई आहे ना बघायला."

संध्याकाळी मुलगा आला. सरांनी त्याला अंगणाच्या फाटकाशीच गाठायचं ठरवलं होतं, गाठलंही. पण तो एका कानाला फोन लावून उतरला, बापाला हातानेच 'एक मिनिट' म्हणाला, आणि ते मिनिट जेवणापर्यंत संपलं नाही. जेवण झाल्यावर सरांनी पुन्हा धीर केला.

"काय रे, पिटू तुला जरा लांबट नाही वाटत? म्हणजे डोक्याने?"

मुलगा हसला. त्यात वाईट काही नव्हतं. बापाच्या खांद्यावर त्याने हात टाकला. "बाबा, माझ्या वेळेला आईने तुम्हाला माफ केलं. हिच्या वेळेला नाही करणार हां." आणि जांभई देत तो आत गेला.

त्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडे सर पाहत राहिले. छान गोल डोकं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग नसताना ते कॉलेजात गेले. हाडांच्या खोलीचा शिपाई त्यांच्याच वेळचा, कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून खुर्चीत पेंगत होता.

"सर? आज तुमचा वार नाही."

"माझी परीक्षा आहे," सर म्हणाले. "मी डोळे मिटतो. तू कपाटातली कुठलीही कवटी माझ्या हातात दे. बोलू नकोस."

"आता या वयात नापास झालात तर काय करणार?"

"पेढे वाटीन."

शिपायाने मान हलवली आणि कपाट उघडलं. सर स्टुलावर डोळे मिटून बसले, हात पुढे करून, कुणी ओंजळीत पाणी घालणार असल्यासारखे. पहिली आली ती जड. भुवयांची कड जाड, जबड्याचा कोन रुंद. "पुरुष. मधल्या वयाचा. शिवणी निम्म्या मिटलेल्या." पुढची हलकी, गुळगुळीत कपाळाची. "बाई. तरुण. शिवण पूर्ण उघडी." मग एक लहान मूल, दुधाच्या दातांच्या मागे खरे दात वाट बघत असलेलं. शिपाई काही बोलत नव्हता, पण त्याच्या श्वासावरून कळत होतं की सगळं बरोबर येतंय. मग एक कवटी आली आणि सरांचे हात तिच्यावर ठरेनात. ती बाजूंनी दबलेली होती आणि पुढे मागे लांबत गेलेली, होडी उलटी घालावी तशी. माथ्यावर पुढून मागे ताठ उंचवटा. शिवण नव्हतीच.

"ही नको होती," सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात कुठलीही दे."

सरांनी डोळे उघडले. ज्या परीक्षेत नापास व्हावं म्हणून ते इथवर आले होते, तीत ते पास झाले होते. कवटी मांडीवर घेऊन ते बराच वेळ बसून राहिले. तिच्या दाढा झिजून सपाट झाल्या होत्या, काही जगतानाच पडल्या होत्या आणि त्यांच्या जागा हाडाने भरून आल्या होत्या. त्यांनी तिथून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग उठले.

घरी आजी नव्हती. शेजारणीबरोबर बाजारात गेली होती. मुलगा कामावर. सून पलंगापाशी उभी राहून वाळलेल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती, आणि पलीकडे पिटू मुठी आवळून झोपली होती. टोपीत.

सर उंबऱ्यात उभे राहिले. आत आले नाहीत. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. आधी काय म्हणायचं, मग काय, कुठला शब्द टाळायचा.

"सूनबाई, तुझ्याशी जरा—"

"काल तुम्ही तिच्या डोक्याला हात लावलात, बाबा."

तो प्रश्न नव्हता. सरांची वाक्यं होती तिथेच राहिली.

"लावला."

"आणि?"

"मला वाटतं..." त्यांनी चौकटीला धरलं. "मला वाटतं, डोक्याची मधली शिवण मिटलीय. इतक्यात मिटायला नको. मी चुकतही असेन. मी जिवंत डोकी फारशी—"

"नाही चुकत तुम्ही," सून म्हणाली. हातातल्या दुपट्याची घडी तिने पूर्ण केली, टोकाला टोक लावून. "म्हणूनच तर टोपी."

सर आत आले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"तुला ठाऊक होतं?"

"शिवणबिवण नव्हती ठाऊक. पण मी दिवसभर लोकांच्या तोंडावर चष्मे बसवते ना दुकानात. या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत किती, नाकाचं हाड कुठे बसतं, काडी कानामागे किती जाते, तेच बघायचं. ही झाली तेव्हापासून बघतेय. रुंदीला वाढतच नाही हो. नुसती मागे वाढतेय." तिने उशाखालून फोन काढला. एकामागून एक फोटो, सगळे वरून काढलेले, पाळण्यावर वाकून. पहिल्यात डोकं जवळजवळ गोल. मग अंडं. मग अंड्याहून लांब. "लस द्यायला नेलं तेव्हा विचारलं. डॉक्टर घाईत होते. एका कुशीवर झोपवत असाल, म्हणाले, होईल गोल. मी रोज कूस बदलली. मग मोठ्या इस्पितळात मीच फोन केला. परवाची वेळ मिळालीय. ह्याला अजून सांगितलं नाही."

"आणि मला?"

विचारायचं नव्हतं त्यांना. निघून गेलं.

सुनेने हातातली घडी ढिगावर ठेवली. "राग नाही ना येणार?"

"बोल."

"माझं लग्न झालं त्या आठवड्यात आईंनी मला ती गोष्ट सांगितली. ह्याच्या डोक्याची. सगळे पोट धरून हसले. तुम्हीही हसलात, बाबा." तिने दुसरं दुपटं ओढलं. "तुमच्या हाताला हे आधी लागलं असतं, आणि तुम्ही बोलला असतात, तर काय झालं असतं? आलं बाबांच्या अंगात. परत हसले असते सगळे. आणि त्यानंतर मी काही म्हटलं असतं, तर म्हणाले असते, बाबांनीच हिच्या डोक्यात भरवलं. मग माझं कुणी ऐकलं असतं?"

भिंतीवरच्या घड्याळाखाली एक पाल होती, ती घड्याळामागे जाईपर्यंत सर तिच्याकडे पाहत राहिले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

मग तिने विचारलं, "उशीर झालाय का?"

"नाही. हाडं कोवळी आहेत तोवर जितकं लवकर तितकं बरं. तू वेळेत आहेस."

"मेंदूला काही..."

"मेंदू आपली वाट काढतो. बाजूला जागा नसली तर पुढे मागे वाढतो. म्हणून तर डोकं लांबतं. फक्त आत दाटी होऊ नये, एवढं बघायचं."

"कापतात?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात या प्रश्नाला त्यांच्याकडे फळा होता, खडू होता. "मिटलेली पट्टी तेवढी काढतात. मग जागा मोकळी होते. हाड परत येतं, लहान मुलांत भराभर येतं."

इतका वेळ उभी असलेली सून खाली बसली. दुपट्यांच्या घड्या एका बाजूला कलल्या. तिने हाताच्या पंजाने डोळे दाबून धरले, आणि तिच्या खांद्यांवरून सर दुसरीकडे पाहू लागले. सुनेच्या पाठीवर हात ठेवायची या घरात पद्धत नव्हती. त्यांना दुसरं काही द्यायचं सुचेना, तेव्हा ते म्हणाले,

"कॉलेजात अशी एक कवटी आहे. आजच बघून आलो. तिला कुणी काही केलेलं नव्हतं, तशीच राहिली. पण माणूस म्हातारा होऊन गेला बरं. दाढा पार झिजलेल्या. भरपूर जेवला असणार. मला तर वाटतं, वाद पण पुष्कळ घातले असतील."

ती हसली. नाक ओढत हसली. "बाबा, तुमची कवटीसुद्धा जेवते."

"जेवणाराच माणूस असतो तो. आपल्याला कपाटात भेटतो, म्हणून काय?"

पिटू झोपेत कण्हली. दोघं एकदम वळली. तिने ओठांचा चंबू केला, सोडला आणि पुन्हा झोपली.

"आज जेवताना सांगणार आहे मी," सून म्हणाली. "फोटो दाखवीन. तुम्ही फक्त..."

"गप्प बसेन."

"जमेल?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "सांगता येत नाही."

"तोंडात घास ठेवा."

जेवायला बसेपर्यंत सर तीनदा पाणी प्यायले, त्यांनी दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला. आजीने त्यांना ताट घ्यायला सांगितलं तर ते दोन घेऊन आले. मुलगा दुकानातली कसलीशी गोष्ट सांगत होता, कुणी तरी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, अशी; ती खरं म्हणजे सुनेची गोष्ट होती, पण तो ती तिच्यापेक्षा रंगवून सांगायचा. सून हसली नाही. तिचं ताट अजून कोरडं होतं.

"मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली, आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला.

तिने जसं दुपारी सांगितलं होतं तसंच सांगितलं. रुंदी, लांबी, डॉक्टरांची घाई, कूस बदलणं, परवाची वेळ. मध्ये एकदाही अडखळली नाही. सरांनी घास घेतला. तो संपला तेव्हा दुसरा घेतला. काय खाल्लं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मुलगा फोटो मागे पुढे सरकवत होता. "अगं, फोटोत दिसतं असं. कॅमेरा जवळ धरला की..." वाक्य त्याने अर्धंच सोडलं, आणि त्याची नजर आपसूक बापाकडे गेली. आजीची त्याच्याआधीच गेली होती.

"हे तुमचं," आजी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चमचा तिने भांड्यावर ठेवला तो वाजला. "तुम्हीच भरवलंत हिच्या डोक्यात. एकदा झालं तेवढं पुरलं नाही? पोरीचं दूध—"

"मी नाही," सर म्हणाले.

"काल माझ्यापाशी सुरुवात केली होतीत. पिटूचं डोकं, म्हणून."

"टोपीचं म्हणत होतो."

"आणि माझ्याजवळ?" मुलगा म्हणाला. "लांबट वाटतं का, म्हणून?"

सुनेने ताटाकडे पाहिलं. सरांनी घास गिळला. आयुष्यभर वर्गात ते मुलांना सांगत आले होते, दिसतं ते बोला, हाताला लागतं ते बोला, नाही लागलं तर नाही म्हणा. त्यांच्या तोंडून शब्द निघाले ते सरळ, घरंगळत निघाले.

"सहज विचारलं. मी हात लावलेला नाही तिला. तुला शब्द दिलाय ना मी? हात न लावता मला काय कळणार?"

आजी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला भांडायला काहीतरी हवं होतं, ते हातातून सुटल्यासारखं तिचं तोंड झालं. म्हणजे हे खूळ त्यांचं नव्हतं. मग कुणाचं? हसून मोकळं व्हायला कुणीच उरलं नव्हतं. तिने एकदा सुनेकडे पाहिलं, चष्मे बसवणाऱ्या, कधी उगाच न घाबरणाऱ्या आपल्या सुनेकडे. मग हात पुसून ती उठली.

पाळणा दाराशीच होता. आजीने वाकून टोपीचा बंद सोडला. तिला हाडांतलं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त तळवा ठेवला, जसा ताप पाहायला ठेवतात तसा, आणि तो पुढून मागे नेला. मध्यावर हात रेंगाळला. तिने तो पुन्हा पुढे आणला, आणि या वेळी बोटाने, हळू, मागपर्यंत गेली.

मुलगा अर्धवट उठला होता, तो तसाच, ना बसलेला ना उभा. सरांना तिथून त्या बोटाखाली काय लागतंय ते जसंच्या तसं कळत होतं. ते आपल्या ताटातल्या भाताकडे बघत होते आणि त्यांचा खालचा जबडा घट्ट मिटलेला होता.

आजी सरळ झाली. नवऱ्याकडे वळली. काहीतरी विचारायला वळली होती, पण तो माणूस ताटावर मान घालून इतका गप्प बसला होता, की तिने विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात हाडांची गोष्ट निघावी आणि तो गप्प असावा, असं तिने पाहिलं नव्हतं.

"परवा किती वाजता जायचंय?" तिने सुनेला विचारलं.

"सकाळी."

"तू रजा टाक," ती मुलाला म्हणाली. "मीही येते." मग टोपी तशीच पाळण्याच्या दांडीवर अडकवून ती येऊन बसली, आणि थंड झालेल्या ताटात बोटं बुडवून तशीच राहिली.

मुलगा बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. फोन हातात घेऊन तो पहिल्या फोटोपासून पुन्हा पाहू लागला, या वेळी हळू.

सून उठली. भाताचं भांडं घेऊन ती टेबलाला वळसा घालून सासऱ्यांपाशी आली, आणि न विचारता तिने त्यांच्या ताटात वाढलं. सरांना नको होता. त्यांनी ताटावर आडवा हात धरला नाही. तिने दुसऱ्यांदा वाढला तेव्हाही नाही.